दोन बोटं जादा कापड

माझी मावशी शाळेच्या मुलींचे फ्रॉक शिवायची. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली, चार मशीन, तीन बायका आणि ती. गल्लीतली कुठली पोर यंदा किती उंच होणार, हे तिच्या आईआधी मावशीला कळायचं. प्रत्येक फ्रॉकच्या घेराला ती आतून दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवायची. पोर वाढली की टाके उसवायचे, फ्रॉक लांब करून द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक यायचं ते दोन वर्षांनी. असला धंदा कुणी करतं का, म्हणून मी तिला कायम छळायचे. "मोठी शहाणी आलीस," म्हणायची आणि सुईत दोरा ओवायला मलाच लावायची.

तिला शहाणं करायला मीच निघाले, हे आता कबूल करायला हवं. बाजारात तयार कपड्यांचे ढीग येत होते, खोलीचं भाडं वाढत होतं आणि मावशी आपली जिथल्या तिथे. छोट्या उद्योजकांचं दोन दिवसांचं फुकट शिबिर होतं, तिथे मी तिला ओढत नेलं. टाय लावलेले एक साहेब सांगत होते, धंदा वाढवा, धोका पत्करा. त्यांचा स्वतःचा धंदा कोणता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मावशीने वही भरून लिहून घेतलं. मग पायमशीन मोडीत काढून विजेवरची आणली आणि एका व्यापाऱ्याकडून पाचशे फ्रॉकचं काम घेतलं. कापड त्याचं, शिलाई हिची. वेळेवर दिलं तर वर्षभर काम मिळणार, नाही दिलं तर खोली सोडायची, इतकं सरळ होतं.

चारशे ऐंशी फ्रॉक झाले आणि कापड संपलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. व्यापाऱ्यानेच मापात मारलं असणार, अशी माझी खात्री. मी तावातावाने फोन केला. तो स्वतः आला, एक फ्रॉक उचलून उलटा केला आणि दुमड बोटाने चाचपली.

"हे काय?"

"पोरी वाढतात ना दादा," मावशी म्हणाली. "मग लांब करता येतो."

"नमुन्यात होतं हे?"

"नव्हतं. पण हाताला सवय पडलीये."

तो चिडलाही नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "मावशी, पोर वाढली की तिने नवा घ्यायचा. नाहीतर पुढच्या वर्षी मी विकू काय? नमुन्यासारखे करून द्या सगळे. सोमवारी शाळा उघडतेय."

चार दिवस होते. उसवायचं, कापायचं, पुन्हा दुमडायचं. कापलेल्या पट्ट्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला, पण त्यातून एक बाहीसुद्धा निघेना. वीज रोज दुपारी जायची आणि संध्याकाळी उगवायची. तेवढा वेळ नव्या मशीनांपुढे चौघी हाताने टाके घालत बसायच्या. मीही बसले, पण माझे टाके मावशीला परत उसवावे लागायचे. सोमवारी तीनशेच झाले. व्यापाऱ्याने तेवढे उचलले, बाकीचे तयार कुठूनतरी मागवले आणि पुढचं काम दिलं नाही. महिनाअखेरीला खोली गेली.

माझ्यामुळे झालं, असं मी एकदा रडत म्हटलं. "काम मी घेतलं, शिवलं मी, आणि चूक तुझी?" मावशी म्हणाली. "फुकटचा मोठेपणा नको घेऊस."

आता ती त्याच व्यापाऱ्याच्या कारखान्यात जाते. तिथे अख्खा फ्रॉक कुणीच शिवत नाही. मावशीकडे डावी बाही आहे. सकाळी आठपासून डावी बाही.

"मग उजवी कोण शिवतं गं?" परवा मी विचारलं.

डबा घासता घासता तिने जरा विचार केला.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "असेल कुणीतरी बाई."