टीना भटेवरा आणि घाटघरची जोती

टीनाला दुकानात बसवलं की गिऱ्हाईक आत यायच्या आधी तीच बाहेर पडायची. नारायणगावच्या पेठेत तिच्या वडिलांचं, दलीचंदशेठ भटेवरांचं, भांड्यांचं दुकान होतं. पातेली, कळश्या, परातींच्या उतरंडी छतापर्यंत लावलेल्या. पोरीने गल्ल्याशेजारी बसून हिशोब शिकावा अशी त्यांची इच्छा. पण ती रस्त्यावर उभी राहून पुणे-नाशिकच्या गाड्या बघत बसे. तिची आई पानबाई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे.

एकदा चातुर्मास संपला आणि जैन स्थानकात उतरलेल्या महासतीजी, म्हणजे साध्वी, पुढच्या गावाला निघाल्या. अनवाणी, सामान खांद्याला, उजाडता उजाडता. शाळेत जाणारी टीना कुणाला न सांगता त्यांच्यामागे चालू लागली ती थेट कळंबपर्यंत. दलीचंदशेठ स्कूटर घेऊन शोधत गेले तेव्हा ती मजेत वेफर्स खात होती. मार बसला नाही, पण घरी येईपर्यंत तिने वडिलांना एकच प्रश्न विचारून हैराण केलं. चार महिने राहिल्या त्या जागेकडे महासतीजींनी एकदाही मागे वळून का पाहिलं नाही?

पुढे पुण्याला शिकायला गेली ती कॉमर्ससाठी. दुसऱ्याच वर्षी एका मैत्रिणीबरोबर उत्खनन पाहायला म्हणून निरगुडसरच्या बाजूला नदीकाठच्या पांढरीवर गेली. पांढर म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेलं राखाडी मातीचं टेकाड. खड्ड्याच्या भिंतीत एकावर एक थर दिसत होते. राख, चिखल, परत राख. तिला वाटलं, हे आपल्याला कळलंच पाहिजे. कॉमर्स सुटलं, ती पुरातत्त्वाकडे वळली. घरात महिनाभर कुणी तिच्याशी धड बोललं नाही.

खरं म्हणजे तिथेही ती रमली नाही. खापरं धुवायची, क्रमांक घालायचे, पुड्या बांधायच्या. आठवड्याभरात तिचा जीव कावायचा. ही माणसं कुणाला भ्यायची? कर कुणाला द्यायची, कुणाला चुकवायची? मग ती पुस्तकांत घुसली. सत्ता म्हणजे काय, घर म्हणजे काय, माणूस जागेला का चिकटतो, यावर जगभर लिहिलेलं अधाशासारखं वाचलं. तिचे सर म्हणायचे, "तू खड्ड्यात असलीस की पुस्तकाचं बोलतेस आणि वर्गात आलीस की खड्ड्याचं. एका जागी थांब कधीतरी." ती थांबली नाही. पुणे सोडून बडोदा, बडोद्याहून परदेशात, तिथून परत. एक लग्न ठरलं होतं, तेही साखरपुड्याच्या आधी तिनेच मोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, मला तिथे गुदमरल्यासारखं झालं.

घाटघरला ती आली नाणेघाटाच्या निमित्ताने. सगळे अभ्यासक लेण्यापाशी थांबत, फोटो काढत आणि जुन्नरला परतत. हिची नजर गेली ती डोंगरउतारावरच्या दगडी जोत्यांकडे. कुठे करवंदीच्या जाळीत, कुठे वरकसाच्या हलक्या जमिनीच्या कडेला, घराएवढे चौकोन. वर भिंत नाही, छप्पर नाही. गावातले गेणभाऊ दलीचंदशेठच्या दुकानातून भांडी नेत असत. शेठची पोरगी म्हटल्यावर त्यांनी तिला घरी ठेवून घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळा डोंगर फिरवला. हे माझ्या बापाचं, हे चुलत्याचं, हे आमचंच पण मागचं. का हलवलं घर, असं विचारलं की ते सांगायचे, कुणी गेलं, साप निघाला, कुडाला वाळवी लागली, वावर लांब पडायला लागलं.

टीनाला वाटलं, सापडलं. गेणभाऊंच्या समाजाची, महादेव कोळ्यांची, ही घरं म्हणजे तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. घाटाखालून वर येणाऱ्या प्रत्येक सत्तेने माणसं मोजली, जकात बसवली. आणि या लोकांनी जमिनीला चिकटायलाच नकार दिला. त्यांचं घर चालतं होतं. तिने झपाटल्यासारखं पुस्तक लिहून काढलं. ते इंग्रजीत निघालं, गाजलं, विद्यापीठांत लागलं. तिला प्राध्यापकी मिळाली, बोलावणी यायला लागली. दर महिन्याला बॅग भरलेलीच असायची. गेणभाऊ वारले तेव्हा ती परदेशात व्याख्यान देत होती. विषय घाटघरचाच होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गेणभाऊंच्या मुलाचा, गोरखचा फोन आला. गोरख जुन्नर-घाटघर जीप चालवायचा. त्यांच्या घराने वनहक्काचा दावा टाकला होता. जोत्यांच्या आसपासची जमीन आणि वरचा माळ, जिथे ते नाचणी-वरई करत. दाव्याला कुणीतरी आक्षेप घेतला होता. त्यात एका विद्वान बाईंच्या पुस्तकातला उतारा जोडला होता. या लोकांचं कुठल्याही एका जमिनीशी स्थिर नातं नव्हतं, असा.

"ताई, हे तुमीच लिव्हलंय का?" गोरखने विचारलं.

"हो, पण त्याचा अर्थ असा नाही," टीना म्हणाली.

"मग कसा हाये, ते इथं येऊन सांगा."

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. वाटेत नारायणगावला घरी थांबलीसुद्धा नाही. गाडी चालवताना तिच्या मनात राग होता, तो आक्षेप घेणाऱ्यावर. आपण या लोकांची बाजू मांडली, त्यांच्या हालण्यात शहाणपण पाहिलं, आणि कुणा उपटसुंभाने त्यातली एक ओळ उचलून त्यांच्याच गळ्याला लावली. दाव्यांवर निर्णय देणाऱ्या समितीपुढे आपण दहा मिनिटांत सगळं स्वच्छ करू, याबद्दल तिला शंका नव्हती.

सुनावणीला खोली भरली होती. टीना सत्तेबद्दल बोलली, नोंदींबद्दल बोलली, घर या कल्पनेबद्दल बोलली. समितीतल्या एका वयस्क सदस्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा. ही माणसं तिथं राहत होती की नव्हती?"

"राहणं म्हणजे आपण काय समजतो, त्यावर ते आहे," टीना म्हणाली.

सदस्याने मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. मागे बसलेला गोरख खाली पाहत होता. निर्णय पुढे ढकलला गेला. आणखी पुरावा असेल तर आणा, असं सांगितलं.

गोरखने जीप सुरू केली. मग म्हणाला, "ताई, तुमी नुसतं व्हय म्हणाय पायजे व्हतं."

"म्हटलं असतं, तर लगेच विचारलं असतं की मग पुस्तकात असं का लिहिलंय?"

"त्याला काय सांगणार व्हता?"



घरी चिमाबाईंनी, गोरखच्या आईने, चहा दिला. नवरा गेल्यावर टीना भेटायला आली नाही याचा उल्लेखही केला नाही. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली, जोत्यांचे फोटो पाहिले. यात आमचं नाव कुठं आहे, असं विचारलं. टीनाने सांगितलं, अभ्यासात माणसांची नावं उघड करत नाहीत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

"नाव न्हाई लिव्हलं," चिमाबाई पुस्तक मिटत म्हणाल्या, "पर आमी जागेवर नसतो, तेवढं बरं लिव्हलं."

त्या आठवड्यात टीनाने आपले जुने नकाशे जमिनीवर पसरले. प्रत्येक जोत्याची लांबी-रुंदी, दिशा, दगडांची ठेवण. सगळी मोजमापं एप्रिल-मेमधली. बाकी कुठल्या ऋतूत ती तिथे राहिलीच नव्हती. आणि एकाही जोत्यात खणलेलं नव्हतं. खणायचं तर परवाना, माणसं, दोन-तीन हंगाम लागले असते. तेवढं थांबायचं तिच्या जिवावर आलं होतं, कारण उत्तर आधीच मिळालं होतं. माणसं जागा सोडून जातात हे तिने पाहिलं. ती परत येतात का, हे पाहायला ती तिथे राहिली नाही. ती खोलीत फेऱ्या मारू लागली. शेवटी खाली बसली आणि परवान्याचा अर्ज लिहायला घेतला.

परवाना लवकर येईना. विभागप्रमुखांनी नाराजी दाखवली. चार दगडी चौकोनांसाठी रजा कसली घेता, म्हणाले. तरी ती पावसाळाभर चिमाबाईंच्या पडवीत राहिली. दिवसातून दहादा ती रेंज असलेल्या वळणापर्यंत चालत जायची, दिल्लीहून परवान्याची मेल आली का पाहायची आणि भिजून परत यायची. चिमाबाईंना ते बघवेना. त्यांनी तिला आवणीला, भाताची रोपं लावायला, खाचरात उभं केलं. कंबर मोडली, पण निदान ती एका जागी उभी तरी राहिली. माणसं वरच्या माळावर जाताना, तिथून येताना तिने पाहिली. नाणेघाटाकडून ढग चढून आले की समोरचं घरही दिसेनासं व्हायचं आणि तिला वाटायचं, आपण इथे नेमकं काय करतोय?

दिवाळीनंतर परवाना आला. विद्यार्थी फार कुणी आले नाहीत. ज्या दिवशी फेरी नसे त्या दिवशी गोरख कुदळ घेऊन यायचा. गेणभाऊंनी "आमचंच पण मागचं" म्हणून दाखवलेल्या जोत्यात तिने पहिला खड्डा घेतला. वरची माती निघाली, सारवलेली जमीन लागली. तिच्याखाली वाहून आलेल्या मातीचा पातळ थर, त्याखाली पुन्हा सारवण. पुन्हा माती, पुन्हा सारवण. प्रत्येक जमिनीवर चुलीची राख होती आणि ती प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात होती. वरच्या थरात ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण, मधल्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे, सगळ्यात खाली झिजून गुळगुळीत झालेला तांब्याचा पैसा. टीना खड्ड्यात उतरून थरांची रेघ मारत होती. मारता मारता थांबली.

"काय झालं?" गोरखने वरून विचारलं.

"सोडून गेले आणि परत आले. परत परत, इथेच."

"मग हे समितीला सांगायचं का?"

"हे सांगायचं. आणि मी आधी पाहिलं नव्हतं, तेही."

दुसऱ्या दोन जोत्यांतही तेच निघालं. टीनाने अहवाल लिहिला तो मराठीत. फोटो, थरांची चित्रं, जोत्यांचा क्रम आणि या वेळी चिमाबाईंना विचारून घरातल्या माणसांची नावं. पुढच्या सुनावणीत तोच वयस्क सदस्य होता. त्याने तोच प्रश्न विचारला आणि टीना "हो" म्हणाली. पुस्तकाचा विषय निघाला. ती म्हणाली, अर्धं पाहून लिहिलं होतं, उरलेलं आता आणलंय.

जोत्यांभोवतीची जमीन मंजूर झाली. वरच्या माळाचा दावा पुराव्याअभावी फेटाळला.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. तिने शेवटी एक प्रकरण घातलं, ज्याने आधीच्या सगळ्या प्रकरणांची घडी विस्कटली. प्रकाशकाने दोनदा विचारलं, नक्की का? पूर्वी तिला उचलून धरणाऱ्या एका सहकाऱ्याने लिहिलं की आधीचा सिद्धान्त सुंदर होता, आता नुसती तपशिलांची अडगळ झाली. बोलावणी कमी झाली. दलीचंदशेठ आता थकले होते, दुकान चुलतभावाकडे गेलं होतं. पेपरात आलेली निकालाची छोटी बातमी त्यांनी लेकीला फोनवर वाचून दाखवली. चांगलं झालं, म्हणाले. मग पानबाईंनी फोन घेतला आणि घरी कधी येतेस विचारलं. टीना रविवारी येते म्हणाली, पण त्या रविवारी ती घाटघरलाच होती.

कारण चिमाबाईंनी निकाल ऐकून पेढा घेतला होता आणि तो हातात तसाच ठेवून विचारलं होतं, "वरच्या माळाचं काय?"

टीना गोरखबरोबर वर चढली. माळावर कमरेएवढं गवत होतं, पिवळं पडलेलं. जोतं नाही, बांध नाही, एकावर एक ठेवलेला दगड नाही. इथे कुणी राहिलंच नव्हतं. फक्त पालापाचोळा पसरून राब भाजला होता, नाचणी पेरली होती, काढली होती आणि पुढची काही वर्षं जमीन मोकळी सोडली होती. त्याची खूण काय राहणार? मातीत नाचणीचे काही अंश टिकत असतील का? जळक्या थराची राख कुठे साठली असेल का? टिकले, तरी कुणाचे ते कसं सांगायचं? तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते काम करणारी एक बाई बडोद्यात होती. दोघींचं पूर्वी पटत नसे.

गोरख कड्याच्या टोकाशी जाऊन खाली कोकणाकडे बघत होता. टीना गवतातून एकीकडून दुसरीकडे चालत होती, मध्येच वाकून माती बोटांत चुरत होती, पुन्हा चालत होती. मग तिने मातीचे नमुने घ्यायला पिशव्या काढल्या आणि बडोद्याला फोन लावला. रेंज नव्हती. ती रेंज मिळणाऱ्या वळणाच्या दिशेने उतरू लागली.