दिपमालाचं तीन वाजताचं बाकडं

आमच्या गल्लीत दुपारी तीनला बाई घराबाहेर पडली तर कारण सांगून पडते. नाही सांगितलं तर कारण मी पुरवते. दोंडाईचात माझी ख्याती तेवढीच.

शेजारची दिपमाला कारण न सांगता जायची. सातवा महिना, डोक्यावर पदर, पायात नवऱ्याची मोठी चप्पल. नवरा ललित सुरतला कपड्याच्या गिरणीत. पंधरा दिवसांनी यायचा नि तोंड दाखवून परत. सासूही तिकडेच, थोरल्याची पोरं सांभाळायला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण हिचं माहेर म्हणजे एक अबोल बाप आणि एक म्हैस. आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली, धाकटाही गेला. तेव्हा ही सहा वर्षांची, ओट्यावर बसून ऐकत होती.

हे मला माहीत होतं. तरी नळावर मी तोंड सोडलंच होतं. कुणाला तीन दिवस कळा, कुणाचं बाळ आडवं, कुणी ओरडून पत्रे हलवले. बायका हंडे विसरून ऐकायच्या. दिपमाला अर्धाच हंडा भरून निघून गेली. मला वाटलं, वजन झेपत नसेल.

तर ही रोज जाते कुठे? नळावर मी दोन अंदाज सोडले, दोन्ही इथे लिहिण्यासारखे नाहीत. तिसऱ्यासाठी एका दुपारी तिच्या मागे निघाले.

मिरचीचे दिवस होते. वाटेत लाल मिरची वाळत पडलेली. सहाव्या महिन्यापर्यंत तिने तिथेच बसून देठ खुडले होते. रेल्वेचं फाटक ओलांडून ती सरकारी दवाखान्यात शिरली आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसली. हातात काही नाही, सोबत कुणी नाही. आतून एक बाई ओरडली. दिपमालाने बाकड्याची कड घट्ट धरली, डोळे मिटले, नाकाने श्वास घेतला, तोंडाने हळू सोडला. आतली पुन्हा ओरडली. हिचं पुन्हा तेच. मी खांबामागे उभी. मिरचीचा ठसका नाकात बसलेला, तो नेमका तिथेच शिंक होऊन बाहेर पडला.

"बस, अक्का," डोळे न उघडताच ती म्हणाली. "फाटकपासून तुन्या शिंका ऐकू येतस."

"आठे काय करस वं?"

"भेव लागस ना, म्हनीसन येस." भीती वाटते म्हणून यायचं, हे मला नवीन होतं.

पहिल्या दिवशी म्हणे ती गेटावरूनच परत फिरली. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या कडुलिंबापर्यंत आली. नाजमीन सिस्टरनी हेरलं आणि सांगितलं, रोज थोडं पुढे ये, न पाहिलेल्या खोलीची भीती जास्त असते. आठवड्याने बाकडं गाठलं. मग खोली रिकामी असताना सिस्टरनी आत नेऊन टेबल दाखवलं, दिवा दाखवला, श्वास शिकवला.

आतलं ओरडणं थांबलं. मग बारीक रडू आलं. दिपमालाने डोळे उघडले.

"बाई कशी बोंबलस ते तू सांगस, अक्का. मंग पोरगं रडस, ते कसं सांगत नही?"

मी पदराने नाक पुसलं.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. "ही का तुझी सोबतीण? बरं झालं. आत एक बाई थांबू देतो आम्ही. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असलं तर चांगलं. मावशी, मुलं किती तुम्हाला?"

'दोन' जिभेवर तयार होतं. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, नातवंडांची नावंसुद्धा सुचली. नाही म्हटलं तर ही पोर आत एकटी जाणार. आणि खोटं बोलून आत गेले, तर ऐन वेळी हिला सांगणार काय?

"एकही नाही," मी म्हटलं. "ओटीभरणालाही मला कुणी बोलावत नाही. नळावरचं सगळं ऐकीव."

"माले माहीत शे," दिपमाला म्हणाली. "सारा गावले माहीत शे. तरी माले हाईच पाहिजे. मी घरमा रडस, ते भिंतपलीकडे हिलेच ऐकू जास."

खरं होतं. ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"मग यांनाही रोज आण," सिस्टर म्हणाल्या. "श्वास यांनाही शिकवावा लागेल. तुझ्यापेक्षा जास्त घाबरल्यात."

पुढचे दोन महिने आम्ही दोघी तीनला निघायचो. गल्लीला कारण सांगितलं नाही. नळावर आमच्याबद्दल काय चाललं असेल ते मला पाठ आहे. मी तिची कंबर चोळायला शिकले. पिशवी तिने स्वतः भरली. मऊ जुन्या लुगड्याचे तुकडे, दुपटं, दवाखान्याची फाईल, आणि तळाला आईचा फोटो.

कळा सकाळीच सुरू झाल्या. ललित सुरतहून निघाला, पण गाडी वेळेत पोचणार नव्हतीच. दुपारी आत तिचा श्वास चुकला. माझ्या हातात नखं रुतवून ती "माय वं, माय" करू लागली. मग म्हणाली, "अक्का, काही सांग."

मी सांगत सुटले. किराणावाला गिरधर दुकान बंद करून केसांचा टोप घालतो आणि आरशात कसा नवरदेव होतो. यशोदाबाई चतुर्थीला कुणाच्या हातगाडीमागे उभ्या राहून भजी खातात. कळ आली की थांबायचं, दोघींनी श्वास घ्यायचा. उतरली की पुढचं. घामाने निथळत ती हसली, सिस्टरही हसल्या. साडेतीनला मुलगी झाली. ते बारीक रडू या वेळी आम्ही दाराच्या आतून ऐकलं.

ललित दिवेलागणीला आला. बारशाला सासूकडच्या बायकांनी पाळण्याशी मला बोलावलं नाही. दिपमाला उठली, मुलगी उचलली आणि मागे येऊन माझ्या मांडीवर ठेवली. सव्वा महिन्याने ती सुरतला गेली.

आता तिच्या दाराला कुलूप आहे. टीव्ही मी हळूच लावते, पण भिंतीपलीकडून काही येत नाही.

तिचा फोन येतो, तीनच्या सुमाराला, मुलगी झोपली की. तिकडे तिसरा मजला, पाठीमागे यंत्रमागांची खडखड, शेजारपाजारची भाषा वेगळी. "अक्का, काही सांग," ती म्हणते. नळावर मी आता फारशी थांबत नाही, त्यामुळे नवीन काही नसतं. तिच्या उंबऱ्याशी मिरचीचे देठ उडून साचतात, मी झाडून काढते, तेच सांगते. सांगून संपलं तरी फोन कुणी ठेवत नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येतो. नाकाने आत, तोंडाने हळू बाहेर.