मूठभर भुसा

घोडेगावात बाजारतळामागं आमची लाकडाची वखार आहे. रंधा मारल्यावर पडणारा भुसा न्यायला एक बाई यायची. मी तिला मावशी म्हणायचो, नाव विचारायचं राहूनच गेलं. पदर कमरेला खोचून ती ढिगाशी बसायची, मूठभर भुसा घ्यायची, त्यावर बाटलीच्या बुचानं पाणी घालायची आणि मूठ आवळून धरायची. बोटांतून थेंब गळला की तो ढीग नापास.

“उसाचं पाचट वापरा की. बांधावर फुकट पडलंय,” मी एकदा म्हणालो.

“फुकट हाय, पन पानी पीत न्हाई. सशाची पिल्लं उघडी जन्मत्यात, दादा. खाली वल लागली की गेली.”

एका गारठलेल्या सकाळी तिला दोन पोती हवी होती, म्हणून मी ती गाडीवर घालून तिच्या घरी पोचवली. सशांच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, तिनं आधीच पसरलेल्या भुशावर, पांढऱ्या केसांचा ढीग होता. एवढे केस कुठून आणले, मी विचारलं. तिनं सशिणीकडं बोट दाखवलं. सशिणीच्या छातीवर केसच नव्हते, नुसती गुलाबी कातडी.

“रातीच उपटलं तिनं. कोरडं आपुन घालायचं. ऊब तिची ती घालती.”

मी हात पुढं केला. मावशीनं तो अलगद धरून ठेवला. केसांचा ढीग हळूच वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

मावशीनं कमरेचा पदर सोडला आणि देवळात शिरताना घेतात तसा डोक्यावर घेतला.