दहावा दिवस, चार वाजता

आमच्या क्लेबर्न गावातल्या नाण्यांच्या लिलावघरात पैशाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं एकच बाई बसते आहे. ॲर्लीन डिट्झलर. मी नाण्यांची वर्णनं लिहितो, म्हणजे ओरखड्यांना गोड नावं देतो. ॲर्लीनबाईंना तसलं काही जमत नाही. ओरखडा तो ओरखडा, आणि दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

नियम दोनच. घेणाऱ्यानं दहाव्या दिवशी दुपारी चारच्या आत पैसे भरायचे, नाहीतर सौदा रद्द आणि नाणं पुढच्या लिलावात. विकणाऱ्याला पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी. चव्वेचाळिसाव्या दिवशी मागायला आलेल्या पाद्रीबुवांनाही त्यांनी परत पाठवलं होतं. वर म्हणाल्या, "एखाद्याचा चेक परत आला, कुणी नाणं खोटं म्हणून आणून दिलं, तर तुमच्याकडनं पैसे काढायला चर्चमध्ये येऊ का?"

यंदा मे महिन्यात बाई पहिल्यांदाच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला आल्या. वडिलांनी ठेवलेला १८९३ सालचा चांदीचा डॉलर त्यांनी विकायला काढला. तळ्याकाठचं दोन खोल्यांचं एक घर त्यांना घ्यायचं होतं, पुढं पाण्यात लाकडी धक्का. मालकानं जूनअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. लिलाव दहा मेला, पंचेचाळिसावा दिवस चोवीस जूनला. बाईंचा हिशेब चोख बसला. धक्क्यावर ठेवायची खुर्चीसुद्धा आणून झाली.

डॉलर गेला सहा हजार आठशेला, ड्वेन राइनहार्टकडे. ड्वेन नदीपलीकडचा, इलिनॉयचा व्यापारी. आज घ्यायचं, दहा दिवसांत कुठल्यातरी प्रदर्शनात विकायचं आणि त्याच पैशानं आमचे भरायचे, हा त्याचा धंदा. त्यामुळं तो नेहमी दहाव्या दिवशी, चाराला दहा कमी असताना उगवायचा.

"लवकर येऊन तुझा चेहरा बघायचा तरी किती?" असं तो म्हणायचा. बाई पावती फाडत म्हणायच्या, "उशिरा येऊन बघ, मग तोही दिसणार नाही."

नदी ओलांडली की राज्य बदलतं आणि वेळही; तिकडं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागं. ड्वेननं या खिडकीपायी आपल्या जुन्या ट्रकचं घड्याळ कायम आमच्या वेळेवर ठेवलेलं. पण त्या मे महिन्यात बायकोनं ट्रक बदलून नवा आणला, आणि नव्याचं घड्याळ होतं घरच्या वेळेवर.

वीस तारखेला चार वाजले. बाईंनी एकदा दाराकडं पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. चार पन्नासला ड्वेन शीळ घालत आत आला.

"दहा मिनिटं आहेत अजून! उघड, बाईसाहेब."

"पन्नास मिनिटं होऊन गेली."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि त्याची शीळ थांबली. "अगं, पैसे आणलेत! बँकेचा चेक आहे, हा बघ."

"दिसतोय."

"ॲर्लीन, तुझाच डॉलर आहे ना तो?"

"म्हणून तर."

आमचे मालक ग्लेन बाहेर आले. "घे की. मी कुणाला सांगणार नाही."

"मी सांगेन," बाई म्हणाल्या. "पाद्रीबुवांना आधी सांगेन." मग पर्स उचलून घरी गेल्या.

जुलैत तळ्याकाठचं घर एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं. बाईंनी मला हे सांगितलं ते पोस्टाची तिकिटं संपली हे सांगावं तसं. मला मात्र त्या आठवड्यात एकाही ओरखड्याला बरं नाव सुचलं नाही.

ऑक्टोबरात डॉलर पुन्हा निघाला. सहा हजार तीनशेला. घेणारा ड्वेनच. हातोडा पडल्यावर पाचव्या मिनिटाला तो खिडकीशी.

"आजच?" बाई म्हणाल्या. "बरं नाही का तुला?"

"ट्रकवर भरवसा राहिला नाही."

पंचवीस नोव्हेंबरला, बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी, बाई कोट घालून पुढच्या दारानं आल्या आणि रांगेत दोघांच्या मागं उभ्या राहिल्या. स्वतःचा चेक स्वतःला द्यायचा नाही म्हणून त्यांनी खिडकीत ग्लेनला बसवलं होतं. ग्लेननं हसून चेक पुढं केला.

"ओळखपत्र मागितलं नाहीस," बाई म्हणाल्या.

"तुझं?"

"चेक घेणाऱ्याचं बघायचं असतं."

ग्लेननं वाहन परवाना हातात घेतला, फोटो पाहिला, मग बाईंकडं पाहिलं, आणि नाइलाजानं पुन्हा फोटो पाहिला. बाईंनी सही केली, चेक घडी न घालता पर्समध्ये ठेवला, वळसा घालून मागच्या दारानं आत आल्या आणि ग्लेनला खुर्चीवरनं उठवलं.

"तळ्याकाठी दुसरं घर आहे का कुठं?" मी विचारलं.

"एक आहे. धक्का नाही त्याला." त्यांनी खिडकी सरकवली. "मालक म्हणतो, पैसे सवडीनं द्या. मी म्हटलं, तारीख सांगा."