आबांच्या गाडीचा पिकअप

परवा दौंडला पंपावर हाताला डिझेल लागलं आणि त्या वासासरशी पाटसचं आमचं अंगण आठवलं. वडील, म्हणजे आबा, गेल्यापासून माझ्याशी अबोला धरलेल्या दादानं तेव्हा निरोप धाडून बोलावलं होतं. आबांची गाडी अ‍ॅक्सिलेटर दाबला की अडखळायची. मी फिल्टर बदलला, तरी तेच. मग डिझेलच्या नळीला बारीक चीर सापडली. तिथून हवा शिरत होती. नळी बदलताच गाडी एका दमात उठली.

"तुझ्या हाताला गुण हाय," म्हणत दादानं पाठीवर हात ठेवला. मला भरून आलं.

तेवढ्यात ओट्यावर चहा पीत बसलेला अनोळखी माणूस उठला. त्यानं दिलेल्या नोटा मोजून दादानं किल्ली त्याच्या हातात दिली. "घ्या पाव्हणं, आता कुठं अडायची न्हाई."

तेव्हा नुसता संताप आला. आता कळतं, दादाला फक्त मेकॅनिक हवा होता.

"जेवून जा," दादा म्हणाला. मी जेवलो नाही. त्या घरी पुन्हा गेलोही नाही.