काचेच्या खोलीतली खुर्ची

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही, सांभाळून घ्यावं. पण माझ्या थोरल्या दिरांइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नसेल, हे मात्र बिनचूक लिहिते. पंखा पडेल म्हणून ते त्याच्याखाली झोपत नसत, आणि जीव घुसमटेल म्हणून पंख्याशिवायही झोपत नसत. एसटीचं दार उघडेल या धास्तीनं वाटूरपर्यंत त्याची कडी धरून जात.

अशा माणसानं परसात काचेची खोली बांधली. जाऊबाईंच्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज ऊन मिळू द्या, पण वाऱ्यात बसवू नका. दिरांनी तीन बाजूंनी काचाच लावल्या, आत मोगऱ्याच्या, कोरफडीच्या कुंड्या मांडल्या. मग सामानाची भीती सुरू झाली. वाळ्याचे पडदे नकोत, विंचू चढेल. सतरंजी नको, पाय अडकेल. काचेचं टेबल? "काचेच्या खोलीत आणखी काच? न्हाई बा!"

खरा घोर खुर्चीचा होता. जाऊबाई एकदा खुर्चीवरून पडल्या होत्या आणि तेव्हापासून खाट सोडायला तयार नव्हत्या. अशाच पडून राहिल्या तर कायमच्या पडून राहतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांची नि माझी अंगलट एक, म्हणून मापाला मला दुकानात नेलं. थोरल्या दिरांसमोर मी जन्मात खुर्चीवर बसले नव्हते. पदर नाकापर्यंत ओढून कशीबशी टोकावर टेकले. माझ्याशी ते बोलत नसत, म्हणून दुकानदाराला म्हणाले, "त्यांना म्हणा, बराबर मागं टेका."

"भाऊ, बाई तुमच्या म्होरंच हाईत की! तुम्हीच म्हणा."

मी घाबरत टेकले. वेत करकरला. "ऊठ, ऊठ माय!" दीर ओरडले. लग्नानंतर माझ्याशी थेट बोललेले त्यांचे ते पहिले शब्द. मी झटकन उठून बाजूला झाले.

"वेत हाय, बोलणारच," दुकानदार हसला. "मुकी पाहिजे तर लोखंडाची घ्या."

"उन्हात तापंल. तिला भाजंल."

"मंग बाईला खाटंवरच राहू द्या!"

दिरांचा चेहरा पडला. "त्याचंच भ्या हाय, बाबा. ती उतरंनाच झाली."

दुकानदारानं स्वतःचं भलंमोठं अंग त्याच वेताच्या खुर्चीत टाकलं, दोनदा उसळला आणि म्हणाला, "बघा. बिलकुल हालत न्हाई."

तीच घेतली. सकाळच्या उन्हात दिरांनी नि मी जाऊबाईंना उचलून काचेच्या खोलीत आणलं. त्यांची नखं माझ्या दंडात रुतली होती. टेकल्या, डोळे मिटले. खुर्ची थरथरू लागली तशी मीही धसकले.

जाऊबाईंनी डोळे उघडले. मागं दीर खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

"अवो, सोडा की आता. तुमच्याच हातानं हालून राह्यली ही."

दिरांनी हात सोडले. ते कुठं ठेवावेत, हे मात्र त्यांना बराच वेळ कळलं नाही.