दार लावायला कुणी सांगितलं नाही

कुलूपकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. गेम बनवणाऱ्या एका कंपनीचं भांडार ते सांभाळत. त्याआधी बावीस वर्षं औषधांच्या कारखान्यात हेच काम केलेलं. तिथली सवय अशी, की बंद केलेलं कपाट एकदा ओढून बघायचं आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायचं. बायको म्हणायची, "यांचा माझ्यावर विश्वास आहे, फक्त पुरावा लागतो."

इथलं काम त्यांच्या स्वभावाला मापाने शिवल्यासारखं होतं. कंपनी एकच गेम दोन कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या दोन यंत्रांसाठी, बनवत होती आणि कन्सोलवाल्या दोन्ही कंपन्या एकमेकींना पाण्यात पाहत. दोघींनी बाजारात न आलेली आपापली यंत्रं चाचणीसाठी दिलेली. एकीची पांढरी, दुसरीची काळी. अट दोघींची एकच: आमचं यंत्र त्यांच्या माणसाच्या नजरेस पडता कामा नये. म्हणून दोन वेगळ्या खोल्या. एकीकडचं कुणी पाहणीला येणार असलं की साहेब आदल्या दिवशी काकांना सांगत. मग काका दुसऱ्या खोलीला कुलूप घालत, दाराच्या काचेवर कागद चिकटवत आणि आतल्या मंडळींना खाली चहाला पिटाळत.

काळ्या खोलीत सहा जण होते. त्यात काकांची भाची. वडील गेल्यावर काकांनीच तिला इथे चिकटवलं होतं. गेममधल्या चुका शोधायचं काम. दिवस दिवस एकाच भिंतीला निरनिराळ्या कोनांतून धडका द्यायच्या. तिला ते मनापासून आवडे. त्या आठवड्यात तिला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. दोन तासांवरचं शहर, बँकेच्या ॲपचं काम, पगार जेमतेम इथल्याइतका. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं आणि ती नाही म्हणणार होती. गेम दोन्हीकडे येणार, म्हणजे दोन वर्षं तरी काम पुरेल, असं ती धरून चालली होती.

मंगळवारी पांढऱ्या कंपनीच्या बाई आल्या. काकांना कुणी कळवलंच नव्हतं. ते कुलूप घेऊन धावले, तर साहेब म्हणाले, "राहू दे काका, उघडंच असू दे." बाई काळ्या खोलीवरून सरळ चालत गेल्या. आत डोकावल्यासुद्धा नाहीत.

काकांचा चहा गार झाला. वर्षभर काचेवरच्या कागदाची कड नखाने उचलून बघणाऱ्या बाईंना आज उघडं दारही नको? शेजारच्या दुकानाची चौकशी माणूस सोडतो ती दोनच वेळा. एक तर त्याने आपलं दुकान गुंडाळलेलं असतं, नाहीतर शेजारचं मिटवलेलं असतं.

दुपारी डबा उघडता उघडता ते भाचीला म्हणाले, "मला वाटतं, पांढऱ्यांनी गेम एकट्यापुरता घेतला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दार उघडं होतं."

"मामा, कुंड्यांना पाणी घालणारा हेर आहे, असंही तू मला सांगितलं होतंस."

"तो रोज एकाच कुंडीला पाणी घालायचा."

"बाकीची झाडं प्लास्टिकची होती."

काकांनी डबा पुढे ओढला. बुधवारी मात्र साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन साळसूदपणे म्हणाले, "काळी यंत्रं परत पाठवायची तर मूळ खोकी लागतील. माळ्यावरून काढून ठेवू का?"

साहेबांनी झटकन वर पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

उत्तर मिळालं होतं. तरी काका उभेच राहिले.

"एकच वर्ष, काका," साहेब म्हणाले. "पहिलं वर्ष फक्त पांढऱ्यावर. त्यांच्या पैशावर गेम पुरा तरी होईल. नंतर काळ्यावर आणूच."

"आणि तोवर ते सहा जण?"

"काहींना पांढऱ्या खोलीत घेऊ."

"काही म्हणजे किती?"

"बघू. सोमवारी जाहीर होईल, तोवर शब्द बाहेर जायला नको. गोपनीयतेच्या कागदावर तुमचीही सही आहे."

सोमवारीच का? भाचीचा शुक्रवार साहेबांना ठाऊक असेल का? काकांच्या डोक्यात भुंगा लागला. पण सही ती सही.

गुरुवारी भाचीच भांडारात आली. "साहेबांकडे गेला होतास म्हणे. काय म्हणाले?"

"सांगता येत नाही."

"परवा तर सांगत होतास."

"परवा माझा संशय होता. संशय घ्यायला सही आड येत नाही."

"आणि आज?"

काका फडताळातली खोकी सारखी करत राहिले. ती त्यांच्या पाठीकडे बघूनच समजली. मग वर गेली आणि तिने दुसरीकडे होकार कळवला.

साहेब काकांना एका अक्षराने बोलले नाहीत. मात्र पुढे पाहुण्यांची आगाऊ खबर काकांऐवजी रिसेप्शनवरच्या बाईंकडे जाऊ लागली. काळ्या खोलीतल्या उरलेल्या पाचांपैकी चौघांना पांढऱ्या खोलीत घेतलं, एकीला घरी पाठवलं. ती भाचीच्या नंतर लागलेली होती. म्हणजे भाची थांबली असती, तर राहिलीही असती? कुणाला ठेवायचं याची साहेबांकडची यादी काकांनी बघायला मागितली नाही. प्रत्येक यादी दोनदा तपासणारा माणूस, पण त्या यादीला हात लावायची त्यांना छाती झाली नाही.

तिकडे रुजू झाल्यावर एका रविवारी भाचीचा फोन आला.

"काम कंटाळवाणं आहे रे मामा. धडकायला भिंतच नाही."

"तिथले साहेब कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"किती चांगले?"

ती हसेल असं काकांना वाटलं. ती हसली नाही.

"मीही तेच बघतेय," ती म्हणाली.